तो ओव्हरलॉक माझा नव्हता

लेक दुपारी झोपते तेवढाच काय तो माझा दीड तास. तिचा डोळा लागला की मी मशिनवरचं झाकण काढायचे. तिचे फ्रॉक, उशांचे अभ्रे, जुन्या चादरीच्या पिशव्या असं काहीबाही शिवायचे. हात बसला होता, आणि यातून चार पैसे सुटले तर काय हरकत आहे, हा किडाही डोक्यात शिरला होता. नेमकी तेव्हाच जाहिरात दिसली. घरबसल्या शिवणकाम, कटिंग आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू, लहान मुलांच्या आयांना प्राधान्य.

ते ‘आयांना प्राधान्य’ वाचून मला बरं वाटलं होतं, हे आधीच कबूल करते. जिला चार तास घराबाहेर पडून पत्ता शोधायला, कारखाना बघून यायला सवड नाही, अशीच बाई त्यांना हवी असते, हे तेव्हा कुठलं सुचायला!

फोनवरची बाई फार गोड. ताई, बाळ केवढं आहे, रात्री झोपू देतं का, सगळी चौकशी केली. मागे मशिनांची घरघर ऐकू यायची. (ती दर वेळी अगदी सारखीच असायची. मध्ये कुणी हाक मारली, मशिन थांबलं, असं कधीच नाही.) अनामत कशाला, असं विचारलं तर म्हणाली, लोक कापड घेऊन गायब होतात हो ताई, पहिला माल पास झाला की अनामत परत. मला पटलं. कापड त्यांचं, मग त्यांना भीती वाटणारच. पैसे भरले.

करारनामा आला तो दोन पानी. लहान मुलांची टोपीवाली जाकिटं, 50 नग, मुदत 10 दिवस, इंचाला 12 टाके, आणि 48 पेक्षा कमी नग पास झाले तर मजुरी नाही, अनामत जप्त. हे मी वाचलं, सही केली आणि हिशेब मात्र नंतर केला. पहिल्या जाकिटाला 50 मिनिटं लागली. म्हणजे 50 नगांना जवळपास 42 तास. दुपारच्या झोपेचे दहा दिवसांत मिळून होतात 15. उरलेले 27 तास मी रात्री जागून काढले. मशिनच्या आवाजाने लेक उठू नये म्हणून स्वयंपाकघरात, खाली घडी घातलेली चादर टाकून. रात्री उठण्याआधी सुया आणि टाचण्या मोजून डबीत ठेवायचा नेम मात्र चुकवला नाही, कारण सकाळी रांगत पहिली ती तिथेच यायची.

टाक्यांचं सांगायला हवं. माझ्या मशिनची चकती 2.5 वर असते, म्हणजे टाका अडीच मिलिमीटरचा, इंचाला साधारण 10. बाराला तो 2 च्या आसपास आणावा लागतो. मी आणला, आणि प्रत्येक नगावर पट्टी ठेवून मोजला. म्हणून ‘टाके मोठे, कडा खराब, 31 नग नापास’ असा निरोप आला तेव्हा मी रडले नाही, चिडले. म्हटलं, फोटो पाठवा.

फोटो आला. जाकीट तेच, रंग तोच, आतल्या शिवणीच्या कडेला विस्कटलेला ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड उसवू नये म्हणून वेगळ्या मशिनवर घालतात ती धाग्यांची गुंफण. मी तो फोटो मोठा करून बघत बसले. माझ्याकडे ओव्हरलॉकचं मशिनच नाही. मी सगळ्या कडा साध्या मशिनच्या झिगझॅग, म्हणजे नागमोडी टाक्याने बांधल्या होत्या.

हे सांगितल्यावर ती फोनवरची बाई म्हणाली, वरिष्ठांशी बोलते. त्यानंतर तो नंबर लागला नाही. हेच काम घेतलेल्या आमच्या गटातल्या ज्या दोघींशी मी आधी बोलले होते त्यांना विचारलं, तर दोघींकडेही तोच फोटो. तोच सुटलेला धागा, डाव्या कोपऱ्यात.

गठ्ठ्यात ‘बिघडले तर’ म्हणून 2 नग जास्तीचे आले होते, ते घरीच राहिले होते. आता ते उलगडून बघितले. पाठीचा तुकडा कापडाच्या उभ्या धाग्यावर कापायला हवा, म्हणजे कपडा सरळ पडतो. यांचा तिरपा होता, चिंध्यांतून जसा बसेल तसा कापलेला. असं जाकीट कितीही सफाईने शिवा, ते अंगावर वळणारच. करारात कापड शंभर टक्के सुती लिहिलेलं. एक धागा ओढून, चिमट्यात धरून मोरीत पेटवला. सुती धागा जळक्या कागदाच्या वासाने जळतो आणि राख बोटाने चुरडते. हा आखडत गेला आणि टोकाला काळी, कडक गोळी राहिली. पॉलिएस्टर. त्या गठ्ठ्याची किंमत अनामतीच्या पासंगालाही पुरली नसती. धंदा जाकिटांचा नव्हताच, अनामतींचा होता.

आणि ती टोपीची नाडी! माल युरोपात जातो म्हणाले होते. तिथल्या ईएन 14682 या मानकात 7 वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीशी किंवा गळ्याशी नाडी चालत नाही, कुठे अडकली तर गळ्याला फास बसतो म्हणून. निर्यातीचा खरा माल असता तर कटिंगबरोबर नाडीचं बंडल आलंच नसतं. मला हे तेव्हा माहीत असतं तर पहिल्याच दिवशी वास आला असता.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लोकांना दिलेल्या इशाऱ्यांत हा प्रकार जवळपास जसाच्या तसा आहे. घरी वस्तू बनवून द्या, आधी साहित्याचे पैसे भरा, शेवटी दर्जा बसला नाही म्हणून मोबदला नाही.

असं काम कुणी देऊ केलं तर पैसे भरण्याआधी एक नग शिवून, तो पास झाल्याचं लेखी मागा. खरा कारखानदार नमुना बघितल्याशिवाय 50 नगांचं कापड देतच नाही. माल पाठवताना प्रत्येक नगाच्या दुमडीत आतून वेगळ्या रंगाचा एक टाका घाला आणि फोटो काढा, म्हणजे कुणाचाही ओव्हरलॉक तुमच्या नावावर खपणार नाही. आणि पैसे गेलेच तर त्याच दिवशी बँकेला आणि पोलिसांना कळवा. मी लाजेपोटी तीन आठवडे नवऱ्यालासुद्धा बोलले नाही. मग तक्रार केली, तोवर ते खातं रिकामं झालेलं होतं.

त्या 2 नगांपैकी एक मी धागे ओढून ओढून संपवला. दुसरा नाडी न घालता शिवला आणि लेकीला घातला. आता ती चालते. चार पावलांत पुढची शिवण पोटावरून सरकत काखेकडे जाते, मग ती थांबते आणि दोन्ही हातांनी ती पुन्हा मधोमध ओढत बसते.