साधं काँक्रीट की हाय परफॉर्मन्स? आधी सळईचा विचार करा

28 दिवसांच्या क्यूबने (चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याने) 80 मेगापास्कल इतकी दाब सोसण्याची ताकद दाखवली की साइटवर सगळे निर्धास्त होतात. पण बांधकाम सहसा दाबाखाली चिरडून संपत नाही. आतली सळई गंजते, फुगते आणि वरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर डोकावते. त्यामुळे निवड करताना मी ताकदीआधी एवढंच विचारतो: पाणी आणि क्लोराइड (मिठातला सळई गंजवणारा घटक) सळईपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील?

साध्या काँक्रीटमध्ये पाणी-सिमेंट गुणोत्तर साधारण 0.45 ते 0.55 असतं. सिमेंटच्या अभिक्रियेत यातलं निम्मंच पाणी बांधलं जातं. उरलेलं पाणी माल ओतता यावा म्हणून घातलेलं असतं, आणि त्याच्या जागी पुढे बारीक छिद्रं राहतात. हाय परफॉर्मन्स मिश्रणात हे गुणोत्तर बहुधा 0.35 किंवा त्याहून कमी ठेवतात आणि माल प्रवाही ठेवण्याचं काम सुपरप्लास्टिसायझरवर सोपवतात. जोडीला सिलिका फ्यूम, म्हणजे सिलिकाची अतिबारीक भुकटी. तिचा कण सिमेंटच्या कणापेक्षा जवळजवळ शंभरपट बारीक. तो फटी बुजवतोच, शिवाय अभिक्रियेतून सुटलेल्या चुन्याशी संयोग पावून आणखी बांधणारं जेल तयार करतो. खडीभोवतीचा थर ही साध्या काँक्रीटची सगळ्यात कच्ची जागा. हाय परफॉर्मन्समध्ये तोच घट्ट होतो. फोडलेले तुकडे शेजारी ठेवून बघा: साध्यात तडा बहुतेक खडीला वळसा घालून गेलेला असतो, दुसऱ्यात खडीच मधोमध दुभंगलेली दिसते.

क्लोराइडच्या जलद चाचणीत 6 तासांत नमुन्यातून किती विद्युतभार जातो ते कूलॉममध्ये मोजतात; आकडा जितका कमी, तितकी क्लोराइडला वाट अवघड. साध्या काँक्रीटमध्ये तो 4,000 कूलॉमच्याही वर जाऊ शकतो, सिलिका फ्यूमच्या चांगल्या मिश्रणात 1,000 च्या आत राहतो. समुद्रकाठचं काम असो किंवा बर्फ वितळवायला मीठ टाकतात तो पूल, मी हाय परफॉर्मन्सच घेईन.

मात्र क्युरिंगची, म्हणजे ओतल्यावर काँक्रीट ओलं ठेवण्याची, खात्री असेल तरच. या मालातून पाणी वर सुटतच नाही म्हटलं तरी चालेल. स्लॅब ओतल्यावर पृष्ठभागाची चकाकी बघता बघता जाते, आणि वारा असेल तर घट्ट होण्याआधीच केसासारख्या भेगा पडतात. आतलं पाणी सिमेंटने ओढून घेतल्यामुळे होणारं आकुंचन वेगळंच. म्हणून फिनिशिंग होताच फवारा आणि झाकण, मग किमान 7 दिवस सतत ओल. भेगा पडल्या तर क्लोराइडला सळईपर्यंत थेट वाट मिळते. ही शिस्त पाळली जाणार नसेल तर 40 मेगापास्कलचं, नीट भिजवलेलं साधं काँक्रीट शंभर पटीने बरं.

आगीचाही विचार हवा. घट्ट काँक्रीटमधली वाफ बाहेर पडू शकत नाही आणि पृष्ठभागाच्या ढलप्या उडतात. 1996 च्या चॅनल टनेलच्या आगीत अस्तराचं असंच मोठं नुकसान झालं. मिश्रणात पॉलिप्रॉपिलीनचे तंतू घातले तर ते वितळून वाफेला वाट करून देतात. ताकद दुप्पट केल्याने स्लॅबचा झोल निम्मा होईल असंही धरू नका. ताठरपणा 40 टक्क्यांच्या आसपासच वाढतो.

कोरड्या जागेतल्या साध्या इमारतीला एवढा खटाटोप लागत नाही. तिथे कव्हर सांभाळा. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून सळईचं गंजापासूनचं संरक्षण घालवतो, ते कार्बोनेशन. त्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 20 मिलिमीटरचं कव्हर 30 केलं की सळईपर्यंतचा वेळ सव्वादोनपट होतो.

हाय परफॉर्मन्सच ठरलं, तर ऑर्डरमध्ये नुसता ग्रेड (ताकदीचा आकडा) लिहू नका. कूलॉमची मर्यादा, ती चाचणी किती दिवसांच्या नमुन्यावर घ्यायची आणि क्युरिंगचे दिवस, तिन्ही लिहून घ्या.