इंग्रजी पास, रेझ्युमे नापास: मानव्यशाखेच्या इंग्रजी-करिअर कोर्सचा वापरानंतरचा अनुभव

विद्यापीठाच्या या कोर्सचे दोन भाग: एक इंग्रजी भाषेचा, दुसरा करिअरचा. त्याची रचना, क्रेडिट, बी२ ची (म्हणजे मध्यमाच्या वरच्या इंग्रजीची) प्रवेशपातळी हे सगळं माहितीपत्रकात आहे, ते इथे परत सांगत नाही. मी लिहायला बसले ती रेझ्युमे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. करिअर विभागाची पद्धत अशी की रेझ्युमे पोर्टलवर टाकायचा, सॉफ्टवेअर त्याला शंभरपैकी गुण देणार आणि ठरावीक गुण पडल्याशिवाय समुपदेशकाची वेळ मिळणार नाही. फी मात्र समुपदेशनासकट आधीच घेतलेली.

माझा विषय इतिहास. प्रबंधासाठी जुना पत्रव्यवहार वाचला, त्याची सूची केली, तारखा जुळवल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या साक्षींतून काय ग्राह्य धरायचं ते ठरवलं. तेच लिहिलं. प्रत्येक ओळीखाली लाल रेघ आणि एकच शेरा: परिणाम आकड्यांत दाखवा. किती टक्के वाढ झाली? कशाची वाढ? पत्रं लिहिणारे केव्हाच गेले, पत्रं आता वाढायची कुठून?

शेवटी वैतागून एका ओळीत शतक अक्षरांत होतं ते आकड्यात केलं, '१८ व्या शतकातील पत्रव्यवहार'. लाल रेघ गायब! गुणही वाढले. म्हणजे अख्खं अठरावं शतक माझ्या कामगिरीत जमा झालं. मग जिथे जिथे साल घालता येईल तिथे घातलं आणि समुपदेशकाची वेळ मिळवली.

खरं सांगायचं तर आकड्यांचा सल्ला वाईट नाही. मोठ्या संस्थांकडे अर्जांचा ढीग येतो, आधी सॉफ्टवेअर चाळतं, मग माणूस वाचतो, हे मान्य. आणि माझ्या कामातही आकडे होतेच: सूचीत किती पत्रं, किती वर्षांचा काळ, किती संग्रह धुंडाळले. पण हे मला समुपदेशक बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. ज्या माणसाला हे कळतं त्याच्या दारात ज्याला कळत नाही असं यंत्र का बसवलंय, याचं उत्तर मदतकक्षाने अजून दिलेलं नाही. 'आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे' एवढंच आलं. नमुन्याचे रेझ्युमे तर सगळे विक्री आणि मार्केटिंगचे. तत्त्वज्ञान शिकणाऱ्याने त्यातून काय उचलावं?

आता भाषेच्या भागाकडे येते. इथे माझं मत मधेच बदललं.

सुरुवातीला दर आठवड्याला शब्दयादी यायची तेव्हा शाळेत परत गेल्यासारखं वाटलं. ही भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडेमिक वर्ड लिस्ट, ५७० शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं म्हणजे एक कुल). कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांच्या मजकुरांत सर्रास येणारे शब्दच तिच्यात घेतलेत आणि शैक्षणिक मजकुरातला साधारण १० टक्के भाग त्यांनी व्यापलेला असतो. यादी उपयोगी आहे, पण रोजच्या वापरातले सर्वांत सामान्य शब्द तिच्यातून मुद्दाम वगळलेत. माझी गाडी नेमकी तिथेच अडते: साधेच शब्द, पण सिद्धान्ताच्या लेखात वेगळ्याच वजनाने आलेले. त्यावर कोर्समध्ये काहीच नाही.

भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेची तीन पावलं मांडली: आधी क्षेत्र उभं करा, मग त्यातली पोकळी दाखवा, मग ती तुम्ही कशी भरणार ते सांगा. हे निबंधासाठी शिकवतात. आमच्या शिक्षिकेने मात्र हीच पावलं नोकरीच्या अर्जासोबतच्या पत्राला लावून दाखवली: संस्था काय करते, तिला कुठे माणूस कमी पडतोय, तिथे मी काय करेन. 'मी मेहनती आहे' हे वाक्य त्या दिवशी कायमचं गेलं. अभ्यासक्रमात हे कुठेही छापलेलं नाही, त्यामुळे तुमच्या वर्गाला मिळेल याची खात्री नाही.

आणि मीडिएशनचे सराव. युरोप परिषदेच्या भाषाचौकटीत, म्हणजे ए१ ते सी२ च्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांत, २००१ पासून ही कल्पना आहे, पण तिचे तपशीलवार निकष २०२० च्या पूरक खंडात आले. करायचं असं: मातृभाषेतला लांबलचक लेख वाचायचा आणि ज्याला त्यावर निर्णय घ्यायचाय पण वाचायला वेळ नाही, अशा माणसासाठी अर्ध्या पानात इंग्रजीत मांडायचा. मला आधी ही निव्वळ वेळकाढू पाट्या टाकायची कामं वाटली. सत्राच्या मध्यावर मी फीडबॅक फॉर्मात तसं लिहिलंही.

नंतर एका संस्थेत इंटर्नशिपसाठी चाचणी दिली. पुढ्यात एक अहवाल ठेवला आणि सांगितलं, हा विश्वस्तांसाठी एका पानात आणा. बाकीचे उमेदवार पहिल्या परिच्छेदापासून क्रमाने सारांश करत सुटले. मी आधी विचारलं की विश्वस्तांना यावरून नेमकं काय ठरवायचंय. तेवढ्या एका प्रश्नावर मुलाखत सुरू झाली. मानव्यशाखेच्या विद्यार्थ्याला विकता येण्यासारखं जे आहे ते हेच, आणि या कोर्समध्ये त्याला सगळ्यात कमी गुण! रेझ्युमेच्या यंत्राला एवढा मान आणि याला परिशिष्टात जागा.

पैशाचं थोडं. कोर्सचं प्रमाणपत्र विद्यापीठाबाहेर फारसं कुणी विचारत नाही. परदेशी प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी आयईएलटीएससारखी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि तिचा निकाल साधारण दोनच वर्षं ग्राह्य धरतात. म्हणून पोर्टलवर पहिल्याच महिन्यात गळ्यात मारतात ते सराव-परीक्षांचं पॅकेज घेऊ नका, अर्जाची तारीख ठरल्यावर बघा. टोइकचं पॅकेजही पुढे करतात. १० ते ९९० गुणांची ही परीक्षा कामाच्या ठिकाणच्या इंग्रजीची आहे, पीएचडीच्या अर्जाला तिचा सहसा उपयोग नाही.

घ्यावा का? नुसता भाषेचा भाग वेगळा मिळाला तर डोळे मिटून घ्या. मी तसं विचारलं होतं, दोन्ही एकत्रच मिळतात म्हणाले. भाषेला पाचपैकी साडेचार, करिअरला दोन, आणि त्यातले दोन्ही समुपदेशक बाईंचे. घेतलाच तर शिक्षकांचे शेरे आठवड्याच्या आठवड्याला उतरवून ठेवा. सत्र संपलं की पोर्टल बंद होतं आणि तुमचेच निबंध तुम्हाला परत दिसत नाहीत.