शोधगंगा : गाईड ठरवण्याआधी उघडावी अशी सेवा

धारणी, एटापल्लीकडून पीएच.डी. करणाऱ्याला विद्यापीठाचं ग्रंथालय लांब पडतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची शोधगंगा ही वेबसाइट मोबाईलवर फुकट पीएच.डी.चे प्रबंध देते. पण तिचा खरा उपयोग गाईड पारखायला आहे.

अमरावती किंवा गोंडवाना विद्यापीठ निवडा, मग विभाग, मग गाईडचं नाव. त्यांच्याकडचे चार-पाच प्रबंध शेजारी ठेवा. प्रश्नावली तीच, फक्त तालुका बदललेला, असं दिसलं तर दुसरा गाईड बघा. मग त्या विद्यार्थ्यांची नावं गूगल स्कॉलरवर, म्हणजे शोधलेख शोधायच्या गूगलच्या सेवेवर, टाका. पदवीनंतर एकही लेख नसेल, तर प्रशिक्षण प्रबंधापुरतंच झालं असावं. मात्र मराठी नियतकालिकं तिथे फारशी सापडत नाहीत, म्हणून भाषा-इतिहासवाल्यांनी एवढ्यावरून निकाल देऊ नये.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत कोर्सवर्क, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीचा वर्गातला अभ्यास, किमान 12 क्रेडिटचं आहे, आणि प्रबंध देण्याआधी शोधलेख छापण्याची सक्ती उरलेली नाही. त्यामुळे लिहायची, मसुदा पुन्हा दुरुस्त करायची सवय गाईडच लावतो. नोकरी लागल्यावर तासिका आणि परीक्षांच्या कामात ती नव्याने लागणं फार कठीण.

प्रकरणांच्या फायली वेगळ्या असतात, रेंज कमी असलेल्या गावात हे मोठंच सुख. आधी संशोधन पद्धती आणि संदर्भसूची उतरवा. जुने मराठी प्रबंध स्कॅन केलेले किंवा युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले असतात; त्यांत शब्द शोधून मिळत नाही, अनुक्रमणिकाच वाचावी लागते.