कार्पल टनेलच्या ऑपरेशननंतर ०.४५५ वेब्ली: मूठ, ग्लोव्ह आणि मनगटपट्ट्याचा अनुभव

मनगटाचं ऑपरेशन झाल्यावर मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर पुन्हा चालवता येतं का, असं मला नाशिकच्या रेंजवर बऱ्याच जणांनी विचारलं. माझ्यापुरतं उत्तर होय असं आहे. मात्र हाताची ताकद किती परत आली, याला मी दुसरा नंबर देईन. बाराचा धक्का तळहाताच्या नेमक्या कोणत्या जागेवर उतरतो, ते आधी बघायला हवं. साधारण आठ महिने मी तीन वस्तू वापरल्या: अक्रोडाच्या लाकडाची घडवून घेतलेली मूठ, जेलचं ग्लोव्ह आणि मनगटाचा पट्टा. तिन्हींबद्दल सविस्तर लिहितो, कारण ऑपरेशन ठरलं तेव्हा मराठीत असं काही शोधूनही मला मिळालं नव्हतं.

माझ्या परवान्यावर दोन हत्यारं आहेत. एक घरातून वारशाने आलेलं वेब्ली मार्क सहा रिव्हॉल्व्हर, ०.४५५ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, इंचांत). ब्रिटिश सैन्याने हा नमुना १९१५ साली स्वीकारला. वजन साधारण १.१ किलो, नळी सहा इंची. दुसरं कानपूरच्या कारखान्यातलं ०.३२, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. वेब्लीची गोळी जड आणि संथ असते, सुमारे १७ ग्रॅमची, सेकंदाला १९० मीटरच्या आसपास वेगाने जाणारी. ०.३२ची गोळी सहा ग्रॅमच्या थोडी वर. गणित मांडलं तर हातात मागे येणारी ऊर्जा वेब्लीत ०.३२च्या तिपटीहून जास्त भरते. अमेरिकेत ज्याचं एवढं नाव आहे त्या ०.४४ मॅग्नममध्ये ती वेब्लीच्याही साधारण चौपट होते. म्हणजे वेब्ली हे काही सर्वांत दांडगं हत्यार नव्हे. तिचा धक्का फटक्यासारखा न लागता जोरात ढकलल्यासारखा लागतो, पण ताज्या व्रणाला तेवढंही पुरतं.

आता ऑपरेशनचं. द्राक्षबागेत वर्षानुवर्षं छाटणीची कात्री चालवून उजव्या हाताची पहिली तीन बोटं रात्री बधिर व्हायची. मनगटातल्या बोगद्यात मधली नस दाबली जाते, म्हणून वरचा आडवा अस्थिबंध कापून तिला जागा करून देतात. ऑपरेशन छोटं, टाके दोनेक आठवड्यांत निघतात, बधिरपणाही लवकर ओसरतो. पुढे मात्र बऱ्याच जणांना तळहाताच्या बुडाशी, व्रणाच्या दोन्ही बाजूंना एक खोल ठणका लागतो. हात टेकवून उठताना कळ येते. पकडीची ताकद परत यायला तीन महिने लागतात, काहींना सहा. रिव्हॉल्व्हरच्या मुठीची मागची धार नेमकी त्याच बुडावर टेकते. दुखरी जागा आणि धक्क्याची जागा एकच, सगळी अडचण इथे आहे.

वेब्लीची मूळ मूठ बारीक आहे आणि चापाच्या कड्यामागे मोठी पोकळी राहते. बार झाला की नळी वर उसळते, मूठ हातात फिरते आणि तिचं खालचं टोक तळहाताच्या बुडात घुसतं. नेहमीची रबरी मूठ या जुन्या नमुन्याला बसत नाही. म्हणून रेंजवरच्या जाणत्या आर्मररला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, दाखवून अक्रोडाच्या दोन फळ्या घडवून घेतल्या. त्यांत तीन बदल केले. चापाच्या कड्यामागची पोकळी भरून काढली, त्यामुळे मधलं बोट तिथे घट्ट टेकतं आणि मूठ हातात खाली-वर सरकत नाही. मागची धार लाकडाखाली झाकून रुंद आणि गोल केली. खालचं टोक थोडं आखूड करून पुढे वळवलं, व्रणापासून लांब.

परिणाम पहिल्याच बाराला कळला. धक्का आता अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल बेचक्यात उतरतो आणि तिथून सरळ कोपराकडे जातो. तळहाताच्या बुडाला कळ जवळजवळ नाहीच. एवढ्या महिन्यांत लाकडाला चीर नाही की स्क्रू ढिले नाहीत. एक गोष्ट खटकली: पॉलिश फार गुळगुळीत होतं, घामाने हात सरकायचा. बारीक खडबडीत जाळी कोरून घेतली तेव्हा पकड बसली. घडवून घेणार असाल तर जाळी सुरुवातीलाच सांगा, पण बुडाच्या बाजूला नको, तिथे ती व्रणाला घासते.

देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार काका आमच्याकडे येतात. मी कोपर ताठ करून, दात आवळून बार काढतोय हे पाहून ते म्हणाले, “अहो, तोफेची नळीसुद्धा मागे सरकू देतात. तुम्ही कोपराला का अडवून धरलंय?” मग त्यांनी शांतपणे समजावलं. तोफेच्या रिकॉइल यंत्रणेत नळी मागे सरकते, तेलाचा दाब तिला हळूहळू थांबवतो. एकूण धक्का तेवढाच राहतो, फक्त तो जास्त वेळात वाटला जातो, म्हणून त्याचं टोक बोथट होतं. माणसाच्या अंगात हे काम कोपर आणि खांद्याने करायचं असतं. तेव्हापासून मनगट सरळ आणि पक्कं ठेवतो, कोपर किंचित वाकलेलं, खांदे सैल, अंग थोडं पुढे झुकलेलं. पकडीचा जास्त भार डाव्या हातावर. दोन्ही अंगठे चक्रीच्या (काडतुसं भरायच्या फिरत्या भागाच्या) पुढच्या फटीपासून लांब, कारण तिथून तापलेला वायू बाहेर येतो. मुठीनंतर सर्वांत जास्त फरक कशाने पडला असेल तर काकांच्या या शिकवणीने.

जेलच्या ग्लोव्हबद्दल माझं मत मध्यम आहे. सायकलवाल्यांचं, अर्ध्या बोटांचं घेतलं होतं. ०.३२वर छान चालतं. वेब्लीवर जेलच्या जाडीमुळे हात मुठीभोवती पुरता वळत नाही, तर्जनी चापावर टोकानेच पोचते आणि नेम डावीकडे जातो. आता ते ड्राय प्रॅक्टिसला (खरं काडतूस न भरता करायच्या सरावाला) आणि बागेतल्या कामालाच वापरतो.

मनगटाचा पट्टा मी कोणालाही सुचवणार नाही, निदान गोळीबारासाठी. आतल्या धातूच्या पट्टीमुळे मनगट हलत नाही हे खरं, पण तीच पट्टी तळहाताच्या बुडाशी संपते आणि बाराबरोबर व्रणावर दाबते. घरी झोपताना घालायला मात्र उत्तम.

वस्तूंइतकंच महत्त्व क्रमाला आहे. सर्जनने लेखी परवानगी देईपर्यंत मी हत्यार कपाटाबाहेर काढलं नाही. फिजिओच्या ताईंनी बोटांचे आणि नसेचे सरकते व्यायाम आणि व्रणाची मालिश शिकवली. पकड मोजायच्या यंत्रावर दोन्ही हातांत किती फरक उरलाय ते त्या दर भेटीला दाखवायच्या. मी ताकद लावायला लागलो की म्हणायच्या, “दादा, आवळू नका. मूठ आधी भरू द्या, मग दाबा.” हे वाक्य नेमबाजीलाही जसंच्या तसं लागू पडलं. आधी एअर पिस्तूल, मग ०.२२, मग ०.३२, आणि अगदी शेवटी वेब्ली. ०.४५५ची काडतुसं तशीही सहज मिळत नाहीत, त्यामुळे वेब्लीचा सराव बहुतेक डमी काडतुसांवरच झाला.

खरी काडतुसं वापरायची वेळ आली तेव्हा चक्रीत एका वेळी एकच भरलं. कमजोर हातात मूठ उसळली तर बोट नकळत चापावर पुन्हा दाबलं जाऊ शकतं, म्हणून ही खबरदारी सोडू नका. वेब्लीचा चाप घोडा न चढवता ओढायला फार जड आहे, म्हणून मी घोडा चढवूनच बार काढतो, तोही डाव्या अंगठ्याने. उजव्या अंगठ्याच्या गादीचे स्नायू बरेचसे त्याच मधल्या नसेवर चालतात, त्यांना विनाकारण शिणवायचं कशाला? निफाडकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत व्रण आखडतो. त्या दिवसांत आधी कोमट पाण्यात हात शेकून घेतो. सरावानंतर रात्री मुंग्या आल्या तर पुढचा आठवडा मोठं बोअर बंद.

ही मूठ प्रत्येक हातासाठी नाही, हे मुद्दाम सांगतो. ती धक्का बुडावरून उचलून बेचक्यात नेते. ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याचं ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी ती उलट काम करेल. त्यांना कदाचित बेचक्यात मऊ रबर असलेली मूठ आणि हलकं काडतूस बरं पडेल. ०.४४ मॅग्नम ज्यातून चालतं त्यातून ०.४४ स्पेशल चालतं, ०.३५७ मॅग्नमवाल्यांना ०.३८ स्पेशलची सोय आहे. परदेशात असलेल्यांनी याचा जरूर विचार करावा. मनगटात प्लेट असेल किंवा करंगळीच्या बाजूचं कूर्चेचं ऑपरेशन झालं असेल, तर हत्याराचं वजन आणि बोअर सर्जनला आकड्यांत सांगा. “थोडी नेमबाजी करतो” एवढ्यावर विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एअर पिस्तूल येतं.