प्लेगपुढे दोन शहरं: दमास्कस आणि स्ट्रासबुर्ग

१३४८ च्या उन्हाळ्यात दमास्कसमध्ये प्लेगने थैमान घातलं, तेव्हा अमिराने तीन दिवस उपास करायला सांगितलं. मग सगळं शहर अनवाणी बाहेर पडलं: मुसलमान हातात कुराण घेऊन, यहुदी तोराह घेऊन, ख्रिस्ती बायबल घेऊन. सगळे रडत होते. हे प्रवासी इब्न बतूताने स्वतः पाहिलं.

आजच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये साथ पोचलीही नव्हती. तरी १४ फेब्रुवारी १३४९ ला, विहिरींत विष कालवल्याच्या खोट्या आरोपावरून शेकडो यहुद्यांना जिवंत जाळलं. प्लेगने यहुदीही मरताहेत, हे पोप सहावे क्लेमेंट यांनी आधीच बजावलं होतं. कुणी ऐकलं नाही, याचा आजही संताप येतो.

युरोपात अनेकांना प्लेग म्हणजे पापाची शिक्षा वाटे. काही जण रस्तोरस्ती स्वतःला चाबकाने फोडून घेत. मुस्लिम उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, मते प्लेगने मेलेला श्रद्धावान हुतात्मा ठरे.

संसर्गाच्या बाबतीत मात्र युरोपची बाजू उजवी. बहुतेक उलेमा संसर्ग नाकारत. स्पेनमधल्या तेव्हाच्या मुस्लिम ग्रॅनाडाच्या इब्न अल-खतीबने मात्र अनुभवाच्या जोरावर तो ठामपणे मांडला, हे त्याचं मोठं धाडस. ख्रिस्ती रगुसाने (आजचं क्रोएशियातलं दुब्रोवनिक) १३७७ मध्ये साथीच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळं ठेवायचा नियमच केला.