मेलेल्या अंगठ्याचे साडेएकोणीस हजार

उजवा हात चालत नाही, म्हणून हे सगळं डाव्या अंगठ्यानं टाइप केलंय. काना-मात्रा चुकला असेल तर सांभाळून घ्या.

मी तासगावकडचा. अकरा वर्षं छोटा हत्ती चालवला. सीझनला बेदाण्याचे बॉक्स कोल्ड स्टोरेजला, एरवी सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती, मधूनच कुणाचं बिऱ्हाड हलवायचं असलं तर तेही. मार्च २०२४ मध्ये, बेदाण्याची कामं ऐन भरात असताना, सकाळी गाडी काढायला गेलो आणि चावी हातातून गळली. उचलायला वाकलो तो तिथंच. लकवा. वय ४६. मिरजेला नऊ दिवस ॲडमिट होतो. महात्मा फुले योजनेत केस बसली म्हणून बिल अंगावर आलं नाही, पण पुढची औषधं, मालिशवाला, जाण्यायेण्याची रिक्षा, हे सगळं खिशातून.

माझा मेव्हणा कुपवाड एमआयडीसीत आहे. त्याला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू आहे, आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. स्वतःच्याच गाडीवर ड्रायव्हर असलेल्याला कोण देणार? गाडी विकली, फायनान्सचे हप्ते मिटवले, खात्यात ४२ हजार उरले. त्यावर घर चालवायचं. बायको बेदाणा निवडायला जायला लागली.

कुणीतरी सांगितलं, अपंगत्वाचा दाखला काढा, मग संजय गांधी निराधार योजनेत नाव लागतं, महिन्याला दीड हजार मिळतात. सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी हात-पाय तपासले आणि सरळ सांगितलं की लकव्यात पहिले काही महिने सुधारणा होत असते, सहा महिने झाल्याशिवाय टक्केवारी काढत नाहीत, सप्टेंबरनंतर या. खरं तेच सांगितलं त्यांनी. राग त्यांच्यावर नाही. पण तेव्हा मे महिना चालू होता, आणि सप्टेंबरपर्यंत खायचं काय याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं.

नेमका या मोकळ्या जागेत तो आला.

तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर तो दिवसभर बसलेला असायचा. गळ्यात निळी पट्टी, पट्टीला ओळखपत्र, आणि ओळखपत्र कायम उलटं. वाऱ्यानं फिरलं असेल असं वाटायचं. पुढं लक्षात आलं की ते कधीच सुलटं नसतं. सगळे त्याला ‘साहेब’ म्हणायचे. चहावाला पण. आमच्या भावकीतल्या एका काकींचं निराधारचं काम त्यानं ‘करून दिलं’ होतं, त्यांनीच मला त्याच्याकडं पाठवलं. काकींचं काम झालं होतं हे खरं. पण काकी विधवा, जमीन नाही, उत्पन्न नाही; त्यांनी स्वतः अर्ज दिला असता तरी झालंच असतं. हा दहा जणांकडून पैसे घेतो. त्यातल्या चारेक जणांचं काम नियमानंच होतं, आणि ते चार जण गावभर सांगत सुटतात की साहेबांनी केलं. त्याची जाहिरात आपणच करतो, तीही फुकट.

मला म्हणाला, “दादा, सहा महिने कशाला थांबताय? तवर घरात काय शिजवणार? दाखला देणाऱ्या बोर्डात आपली माणसं हायती. तुम्ही फकस्त आधार, पासबुकाची झेरॉक्स आन् दोन फोटो द्या.”

फाईलचे १,५००, दाखल्याचे ४,५००, आणि ‘समितीतल्या चहापाण्याचे’ ३,०००. नऊ हजार झाले. बायकोनं बचत गटातून उचलले. ४,५०० यूपीआयनं पाठवले, तेही त्याच्या नंबरवर नाही, ‘मिसेसच्या नंबरवर टाका’ म्हणाला. बाकीचे रोख. पुढं पुरावा म्हणून जे काही हातात राहिलं ते एवढंच, त्या ४,५०० चा स्क्रीनशॉट.

महिन्याभरात लॅमिनेशन केलेलं कार्ड आलं. माझा फोटो, माझं नाव, ६५ टक्के. मला ना कुणी तपासलं होतं, ना बोर्डापुढं उभं केलं होतं. हे मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कळत होतं. पण मी स्वतःला समजावलं की लकवा तर खराच आहे ना, मग कागद चार महिने आधी आला एवढंच. त्या कार्डावर मी दोनदा एसटीनं पाव भाड्यात सांगलीला जाऊन आलो. ते पण लिहितो, कारण लपवलं तर पुढचं कळणार नाही.

जुलैत एका दुपारी तो मोटारसायकलवर घरी आला. बायको कामावर, पोरगी शाळेत. म्हणाला, “दादा, यादीत नाव आलं. हे बघा.” मोबाईलवर पीडीएफ दाखवली, त्यात माझं नाव होतं. “आता हयातीचा दाखला ऑनलाइन झाला, की पैसे सुरू.” पिशवीतून काडेपेटीएवढं काळं मशीन काढलं, वायरनं मोबाईलला जोडलं. लाल उजेड लागला. मी डावा हात पुढं केला, तर म्हणाला, “उजवाच लागतो, शासनाचा नियम हाय.” माझा उजवा हात मांडीवर पडून होता. त्यानं तो स्वतःच्या हातात घेतला, आई लहान पोराचा धरते तितक्या हळुवार, अंगठा सरळ केला आणि काचेवर टेकवला. मला काहीच जाणवलं नाही. त्या बोटांत जाणीवच नाही. मशीन वाजलं. त्यानं स्क्रीन बघितली आणि म्हणाला, “ठसा नीट उठला नाही. परत एकदा.” परत टेकवला. परत वाजलं. मग पाणी मागून घेतलं, ‘वैनींना नमस्कार सांगा’ म्हणाला आणि गेला.

पहिल्या ठशाला १०,००० गेले. दुसऱ्याला ९,५००.

आधारशी जोडलेल्या खात्यातून, मशीनवर अंगठा लावून कुठूनही पैसे काढता येतात. गावोगावी बँक मित्र देतात ना, तीच सोय. ओटीपी नाही, एटीएम कार्ड नाही, पिन नाही. बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा एवढंच लागतं. बँकेचं नाव त्याला माझ्या पासबुकाच्या झेरॉक्सवरूनच मिळालं होतं. उजवाच अंगठा लागतो असा कसला नियम नाही. ज्या हातात जाणीव नाही तो हात त्याला हवा होता, की दाबताना मी ओढून घेऊ नये म्हणून, की नुसतीच सवय, देव जाणे.

मला मेसेज का आला नाही? आला असता, पण बँकेला दिलेला नंबर माझ्या धंद्याचा होता. धंदा बंद, रिचार्ज बंद, सिम बंद. पैसे वाचवायला ज्या गोष्टी बंद केल्या त्यात ही एक होती.

कळलं ऑगस्टमध्ये. निराधारचे पैसे आले का बघायला बायको पासबुक भरून आणायला गेली. आली ती काही बोलली नाही. पासबुक माझ्यासमोर उघडं ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मला वाटलं दीड हजार जमा झालेत.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. टपरीवर नाही, आत. संजय गांधी शाखेच्या टेबलावर एक ताई होत्या, त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि लगेच म्हणाल्या, “काका, ६५ टक्क्यांना पट्टा पिवळा असतो. हा निळा आहे. निळा ऐंशीच्या वर.” मग नंबर टाकून बघितला. तो नंबर कुण्या दुसऱ्याच बाईचा निघाला. आणि माझ्या नावाचा अर्ज? कुठंच नव्हता. ज्या फाईलला समितीतलं चहापाणी दिलं, ती फाईल जन्मालाच आली नव्हती.

त्याला फोन लावला. त्यानं उचलला, घाबरला नाही. म्हणाला, “तक्रार करा की. पण कार्ड तुमच्या नावाचं हाय, एसटीत तुम्ही वापरलंय. पैले आत तुम्ही जाशीला.” मी गप्प झालो. आणि तो पूर्ण खोटं पण बोलत नव्हता. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात कलम ९१ आहे, खोटेपणानं सवलत घेतली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याला हे कलम पाठ होतं. गिऱ्हाइकाला अर्धा गुन्हेगार करून ठेवायचं, मग तोंड आपोआप बंद राहतं. असे व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले तर आपली बाजू भक्कम असते. माझे आधीच चाळीसेक दिवस गेले होते, त्यात या भीतीपायी आणखी एकोणीस घालवले.

शेवटी मेव्हण्यानं जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात नेलं. दिव्यांग माणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं, एसटीचं पण. म्हणाल्या, कार्ड आपण होऊन पोलिसांत जमा करा, कसं मिळालं ते तारखेनिशी लिहून द्या, काहीही वगळू नका. तसं केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंद केली, ठाण्यात अर्ज दिला. बँकेचं म्हणणं एकच, अंगठा तुमचाच आहे. तो प्रश्न अजून लोंबकळतोय.

आता खरं काम कसं झालं ते थोडक्यात. महा ई-सेवा केंद्रातून स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी केली. दाखल्याला फी नाही. ऑक्टोबरमध्ये बोर्डापुढं गेलो, डॉक्टरांनी बटण लावायला सांगितलं, पेला उचलायला सांगितलं, चालवून बघितलं. ५८ टक्के. म्हणजे खऱ्या मार्गानं गेलो असतो तरी चाळीसची अट पार होतच होती! यावर मी किती रात्री काढल्यात ते विचारू नका. उत्पन्नाच्या दाखल्याला मात्र हेलपाटे पडले. दिव्यांगाला वर्षाची मर्यादा ५० हजार आहे, आणि तलाठी म्हणाले तुमच्या नावावर चारचाकी दिसते. विकलेली गाडी आरटीओत अजून माझ्याच नावावर होती, घेणाऱ्यानं नाव बदललंच नव्हतं. त्यात दोन महिने गेले. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, रेशनकार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, हे घेऊन अर्ज त्याच ताईंच्या टेबलावर दिला. सेतूची दाखल्याची फी शंभराच्या आतली. बाकी कुणाला एक चहा पाजला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यापासून दीड हजार यायला लागले. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना अडीच हजार झालेत.

ज्यांच्या घरात असा आजारी माणूस आहे त्यांनी एक काम आज करा. मोबाईलवर आधारचं अधिकृत ॲप घ्या आणि बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून टाका. पैसे लागत नाहीत, फक्त आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा. रेशन दुकानात अंगठा लावायच्या वेळी तेवढ्यापुरतं उघडायचं. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे. बँकेतला नंबर चालू सिमचा ठेवा, औषधाच्या आधी रिचार्ज मारा म्हणतो मी. आणि घरी येऊन हयातीचा अंगठा मागणाऱ्याला एवढंच विचारा, माझं अनुदान अजून सुरूच नाही, तर मी जिवंत आहे हे तुला कशाला पाहिजे? हे मला त्या दुपारी सुचायला हवं होतं.

परवा त्याचा फोन आला. बहुतेक ठाण्यातून बोलावणं गेलं असावं. आवाज एकदम मऊ. “दादा, आपण काय परके हाय का? मिटवू. धा हजार देतो, अर्ज तेवढा मागं घ्या.” मी म्हटलं, बघतो. फोन ठेवला, कॉल रेकॉर्ड झालाय का ते आधी बघितलं. झाला होता.

एकूण गेले साडेअठ्ठावीस हजार. बचत गटाचे अजून चार हप्ते बाकी आहेत. बायको म्हणते, घ्या दहा हजार आणि सोडा विषय, त्याच्या मागं कुठवर लागणार. पोरगी म्हणते, बाबा नाही. सोमवारी वकीलबाईंना रेकॉर्डिंग ऐकवायला सांगलीला जायचंय. पाव भाड्यातच, पण या वेळी पिवळ्या पट्ट्यावर.