कनेक्शन पूल कमांड लाइनवरून सांभाळायचाय? ग्लासफिश आणि वाइल्डफ्लाय, शेजारी शेजारी

ग्लासफिश आणि वाइल्डफ्लाय हे जावा ॲप चालवणारे सर्व्हर. कनेक्शन पूल म्हणजे डेटाबेसची पुन्हा पुन्हा वापरायला साठवलेली कनेक्शनं. ग्लासफिशवर पहिला पूल बनवताना बॅकस्लॅशने माझा अख्खा तास खाल्ला होता. त्याच्या 'एएसॲडमिन' या कमांड लाइन टूलच्या 'क्रिएट-जेडीबीसी-कनेक्शन-पूल' कमांडमध्ये प्रॉपर्टीज एकापुढे एक लिहायच्या आणि मध्ये कोलन टाकायचा. जेडीबीसीच्या (जावाने डेटाबेसशी बोलायची पद्धत) यूआरएलमध्ये मुळातच दोन-तीन कोलन असतात. प्रत्येकाआधी बॅकस्लॅश दिला नाही तर यूआरएल मधूनच तुटते, आणि बॅकस्लॅश दिला तर तो शेल गिळतो. म्हणून सगळी प्रॉपर्टी एकेरी अवतरणात ठेवायची. नंतर सोपी वाट सापडली. पोस्टग्रेस डेटाबेसचा डेटासोर्स क्लास वापरत असाल तर यूआरएल लिहूच नका. सर्व्हरनेम, पोर्टनंबर आणि डेटाबेसनेम वेगवेगळे द्या. कोलनचा प्रश्नच मिटला.

वाइल्डफ्लायमध्ये हा छळ नाही. 'डेटा-सोर्स ॲड'मध्ये कनेक्शन-यूआरएल जशीच्या तशी चिकटवता येते. तिथला छळ त्याआधीच होऊन गेलेला असतो, ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) बसवताना. ड्रायव्हरची जार फाइल 'मॉड्यूल ॲड'ने मॉड्यूल म्हणून नोंदवा, तिच्या डिपेंडन्सीज सांगा, मग डेटासोर्सेस सबसिस्टिममध्ये जेडीबीसी-ड्रायव्हर म्हणून पुन्हा नोंदवा, आणि त्यानंतर पूल. ग्लासफिशमध्ये जार डोमेनच्या लिब फोल्डरात टाकली आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की झालं. वाइल्डफ्लायचंच टूल, पण नाव अजून 'जेबॉस-सीएलआय' आहे. सर्व्हरचं जेबॉस हे जुनं नाव बदललं, स्क्रिप्टचं राहिलं.

आणखी एक फरक. ग्लासफिशमध्ये पूल वेगळा आणि जेएनडीआय नाव (ॲप ज्या नावाने तो शोधतं ते) देणारा रिसोर्स वेगळा, म्हणजे दोन कमांड. नवख्याला हे फुकटचं वाटतं, पण एकाच पूलवर दोन नावं लावायची वेळ आली की सोय कळते. वाइल्डफ्लायमध्ये दोन्ही एकाच डेटा-सोर्समध्ये.

पूल चालतोय का हे बघायला इकडे 'पिंग-कनेक्शन-पूल', तिकडे 'टेस्ट-कनेक्शन-इन-पूल'. ग्लासफिशचा पिंग फसला आणि 'क्लास नेम इज राँग ऑर क्लासपाथ इज नॉट सेट' असं आलं, तर दहातले नऊ वेळा जार लिबमध्ये टाकून रीस्टार्ट करायचा राहिलेला असतो. वाइल्डफ्लायच्या चुका 'डब्ल्यूएफएलवाय' किंवा 'आयजे'ने सुरू होणाऱ्या क्रमांकासह येतात. त्या वाचायला रुक्ष, पण शोधायला सोप्या.

आता आकडे. ग्लासफिशचा पूल काही न सांगता ८ कनेक्शनवर सुरू होतो आणि ३२पर्यंत जातो. वाइल्डफ्लायचा शून्यावर सुरू होऊन २०पर्यंत. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव, म्हणजे ॲपच्या वाट्याला ९७. ग्लासफिशचे तीन नोड (सर्व्हर) लावलेत तर ९६. बसतं, कसंबसं. चौथा नोड आला की १२८, आणि गर्दीच्या दिवशी डेटाबेसच हात वर करतो. वाइल्डफ्लायचे चार नोड ८०मध्ये निभावतात. डिफॉल्टवर विसंबू नका, पण विसंबणारच असाल तर वाइल्डफ्लायचं डिफॉल्ट कमी महागात पडतं. पूल भरल्यावर वाट बघण्याची मुदतही वेगळी आहे : ग्लासफिशमध्ये ६० सेकंद, वाइल्डफ्लायमध्ये ३०. वापरणाऱ्याने मिनिटभर फिरतं चक्र बघत बसावं यापेक्षा लवकर एरर आलेली मला बरी वाटते. दोन्हीकडे हा आकडा बदलता येतो.

माझ्या मते निवड ठरते ती ॲप अडकल्यावर. ॲप अडकलंय, फोन वाजतोय, आणि पूलमध्ये नक्की काय चाललंय हे कळायला हवं.

आधी एक गोष्ट दोन्हींना लागू : पूलची आकडेवारी मुळात बंद असते. ग्लासफिशमध्ये 'एनेबल-मॉनिटरिंग'ने जेडीबीसी-कनेक्शन-पूलची पातळी 'हाय' करा, वाइल्डफ्लायमध्ये डेटा-सोर्सचं 'स्टॅटिस्टिक्स-एनेबल्ड' ट्रू करा. आणि हे पूल बनवतानाच करा. आग लागल्यावर विहीर खणून काय मिळणार? एकदा सुरू केलं की ग्लासफिशमध्ये 'गेट -एम'ला पूलचं नाव देऊन आकड्यांची भली मोठी यादी मिळते. वाइल्डफ्लायमध्ये पूलच्या स्टॅटिस्टिक्सवर 'रीड-रिसोर्स' चालवलं की किती कनेक्शन वापरात, किती मोकळी, कमाल किती लागली, हे एका पडद्यावर दिसतं. 'डम्प-क्यूड-थ्रेड्स-इन-पूल' तर कनेक्शनसाठी रांगेत ताटकळलेले थ्रेडच समोर ठेवतं.

मग येतो फ्लश, म्हणजे पूलमधली कनेक्शनं काढून टाकणं, आणि इथे तफावत मोठी आहे. ग्लासफिशचं 'फ्लश-कनेक्शन-पूल' सरसकट आहे : पूल मूळ स्थितीत जातो, जिवंत कनेक्शनं मारली जातात, त्यांच्यावर चाललेले व्यवहारही जातात. वाइल्डफ्लायमध्ये निवडीला वाव आहे : फक्त रिकामी बसलेली काढा, फक्त बिघडलेली काढा, वापरातली परत आल्यावर काढा, किंवा सगळीच उडवा. एका जुन्या नोकरीत डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलल्यावर पूलमध्ये मेलेली कनेक्शनं उरली होती. मी ग्लासफिशवर भर दुपारी फ्लश मारला आणि नेमका त्याच वेळी चालू असलेला अकाउंट्सचा बॅच जॉब अर्ध्यावर तुटला. दोष कमांडचा नव्हता, मॅन्युअलमध्ये सगळं लिहिलेलं होतं. पण ज्याला 'बिघडलेली तेवढीच काढ' म्हणता येत नाही, ते टूल दिवसाढवळ्या वापरताना हात थरथरतो.

कनेक्शन गळती (कोडने घेतलेलं कनेक्शन परत न देणं) पकडण्यात मात्र ग्लासफिश पुढे. पूलवर लीक-टाइमआउट सेकंदांत दिला की तेवढ्या वेळात परत न आलेलं कनेक्शन कोणत्या कोडने घेतलं होतं, त्याचा स्टॅक ट्रेस (कोडमधल्या कॉलची साखळी) लॉगमध्ये येतो, आणि 'रिक्लेम' चालू केलं तर ते परतही घेतलं जातं. वाइल्डफ्लायमध्ये कॅश्ड-कनेक्शन-मॅनेजरचा डीबग चालू केला की लॉगमध्ये साधारण असा निरोप येतो : तुमच्यासाठी कनेक्शन बंद करतोय, कृपया स्वतः बंद करत जा. शेजारच्या काकूंनी आपला उघडा नळ बंद करून दार वाजवावं, तसा. उपयोगी आहे, पण ग्लासफिशची ठरावीक मुदत मला जास्त हाताशी येते.

स्क्रिप्टिंगचं थोडक्यात. 'एएसॲडमिन'ची प्रत्येक कमांड साधी शेल कमांड आहे, त्यामुळे बॅश येत असेल तर नवीन काही शिकावं लागत नाही. प्रत्येक वेळी जावा सुरू होते म्हणून वीस कमांड रांगेत लावल्या की जाणवतं; मग 'मल्टीमोड'ला फाइल द्यायची. वाइल्डफ्लायची भाषा स्वतःची, कंस-तिरक्या रेघांची, पण टॅब दाबला की पुढचं सुचवते आणि 'बॅच'मध्ये सगळे बदल एकत्र होतात : एक फसला तर सगळे मागे. बदल लागू व्हायला रीलोड हवा असेल तर उत्तरातच 'रीलोड-रिक्वायर्ड' लिहून येतं. पासवर्ड दोन्हीकडे थेट कमांडमध्ये लिहू नका, शेलच्या हिस्टरीत राहतो. ग्लासफिशमध्ये 'क्रिएट-पासवर्ड-अलायस' आहे, वाइल्डफ्लायमध्ये एलिट्रॉन या सुरक्षेच्या सबसिस्टिमचा क्रेडेन्शियल स्टोअर. अलायस पाच मिनिटांत जमतो. क्रेडेन्शियल स्टोअरला चहा घेऊन बसा.

टॉमकॅट हा तिसरा जावा सर्व्हर का नाही, असं कुणी विचारेल. त्याच्यासोबत पूल सांभाळणारं असं कमांड लाइन टूलच येत नाही. एक्सएमएल फाइल बदला आणि ॲप रीलोड करा.

तर : एक-दोन सर्व्हर, छोटी टीम, सगळ्यांना बॅश येतं आणि ॲपच्या कोडवर तुमचा फारसा भरवसा नाही, तर ग्लासफिश घ्या आणि लीक-टाइमआउट पहिल्याच दिवशी लावा. चार-सहा नोड, दिवसा बंद ठेवता न येणारं ॲप, आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल एकदा नीट बसवायला कुणाला तरी वेळ आहे, तर वाइल्डफ्लाय. मला स्वतःला उद्या नव्याने निवडायचं असेल तर मी वाइल्डफ्लायच घेईन, फ्लशच्या त्या चार पर्यायांसाठी.